अकोल्याहून येणाऱ्या मॅडम

आमच्या शाळेत समुपदेशकाचं पद मंजूर नव्हतं, काम मात्र होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी भूगोल शिकवायची, अमरावतीच्या एका अनुदानित शाळेत, आणि राहायची अकोल्याला. रोजचं अपडाऊन. सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने शाळा, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. एकोणीस वर्षं हे केलं. मुख्याध्यापकांना वाटलं असावं, ही बाई गाडीत बसून एवढ्या बायकांची गाऱ्हाणी ऐकते, तर पोरांचीही ऐकेल. दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आल्यावर दारावर पाटी लावली, 'मार्गदर्शन व समुपदेशन कक्ष'. भूगोलाचा तास एकही कमी केला नाही.

कक्ष म्हणजे भांडारखोली. एका भिंतीला नकाशांच्या गुंडाळ्या, दुसरीला पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मधे एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. पहिले चार महिने माझ्यासमोरच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. बसणार कोण? त्या खोलीतून वर्गात परतलं की पहिला प्रश्न यायचा, डोकं सटकलं का तुझं. एकदा नववीतली एक मुलगी भीत भीत आत आली, खिडकीतून मैत्रिणींनी पाहिलं, तशी तिने कोपऱ्यातला आफ्रिकेचा नकाशा उचलला आणि तोच न्यायला आल्यासारखी निघून गेली. दोन दिवस आफ्रिका नववीच्या वर्गात पडून होती.

मग डाळीने माझी अब्रू राखली. शेजारच्या खोलीत खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज कुरकुरायच्या की तुरीच्या डाळीत खडे फार येतात आणि निवडायला हात एकच. रिकामा तास होता, मी म्हटलं आणा इकडे. जमिनीवर बसकर टाकून सूप घेऊन बसले. तेवढ्यात ऑफिसचं रजिस्टर घेऊन एक मुलगी आली, माझ्यासमोर उकिडवी बसली, न सांगता खडे वेचू लागली, आणि अर्धं सूप होईस्तोवर तिने घरचं सगळं सांगून टाकलं. मान खाली, बोटं डाळीत. प्रशिक्षणात शिकवलं होतं, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ऐका. आमच्या वऱ्हाडातल्या पोरांना मोठ्यांच्या डोळ्यांत पाहून खरं बोलताच येत नाही, हे त्या शिकवणाऱ्यांना कोण सांगणार? त्या दिवसापासून खुर्च्या भिंतीला लावल्या. कुणी विचारलं तर पोरं सांगायची, डाळ निवडायला चाललो. माझ्याकडे येण्यातली लाज गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्या खिचडीत खडा लागला नाही.

जिची ही गोष्ट, ती मुलगी त्यानंतर काही वर्षांनी आली, तेव्हा दहावीत होती. जुलैमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःहून आली. मूळची तिवशाकडची शेतकरी माणसं, वडील अमरावतीत एका कृषी केंद्रात कामाला, घरात आत्या. एवढं मला हजेरीवरून आणि वर्गशिक्षकांकडून माहीत होतं. दोन वेण्या घालायची, एक वर, एक खाली. दोन दिवस काही बोलली नाही, नुसती डाळ निवडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, तुमी अकोल्याहून येता न?"

मी हो म्हटलं. आज तिकडे पाऊस होता का, तिने विचारलं. होता, म्हटलं. जोराचा की भुरभुर? भुरभुर. तिचं समाधान झालं आणि ती वर्गात गेली.

मग रोज तेच. मोर्णा नदीला पाणी आलं का? बाजारात काय आलं? पुलाच्या पलीकडे रस्ता खोदला होता तो बुजवला का? मी प्रशिक्षण घेतलेली बाई. मूल जे बोलतं त्याच्या मागचं ऐका, असं मला शिकवलेलं. मी वहीत लिहून ठेवलं, 'विषय टाळते. दूरच्या गावाबद्दल कल्पनारंजन.' आज ती वही हाती आली की माझंच मला हसू येतं, आणि मग येत नाही. तिच्या बोलण्यामागे काही नव्हतं. पोरगी अकोल्याबद्दल विचारत होती कारण तिला अकोल्याबद्दल ऐकायचं होतं.

आणि पंचाईत अशी की मला अकोला माहीतच नव्हतं. जन्म तिथला, लग्न तिथलं, पण इतकी वर्षं मी त्या गावात फक्त स्टेशनवर जायची आणि स्टेशनवरून यायची. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून मी गाडीतून उतरल्यावर सरळ घरी जायचं सोडलं. बाजारातून फेरी मारायची, पुलावर थोडं थांबायचं. नदीत जलपर्णी किती पसरली, कोणत्या गाड्यावर पेरू चांगले, बांगड्यांच्या दुकानात कोणता रंग चालला आहे, असलं सगळं डोक्यात जमा करून दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर मांडायचं. ती कधी म्हणायची, जुन्या शहरात नाही गेल्या का? मग मी संध्याकाळी जुन्या शहरात जायची. दारात भाजी निवडणाऱ्या बायका, गल्लीत शिरलेली ट्रॉली आणि तिच्यामागे अडकलेले सगळे, हे तिला सांगितलं की ती खडे वेचायचं थांबवून ऐकायची.

खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाची मी वाट पाहू लागले होते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता. नवऱ्याशी माझं चांगलं होतं, पण तू आज काय पाहिलंस असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत माझं असं कुणी ऐकलं नव्हतं. पोरांचं ऐकायला नेमलेली बाई मी, आणि तिथे बसून मीच बोलत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी ती सूप रिकामं होऊनही उठली नाही. म्हणाली, "माझी आई तिकडे आहे, मॅडम. जुन्या शहरात, मामाच्या घरी. उन्हाळ्यात गेली. तुमी एक डाव जाऊन पाहून या न. काही म्हणू नका तिले. मले फक्त सांगजा, ती कशी दिसून राहिली."

मामाचं घर कुठे, ते तिने मला नीट सांगितलं. कुठून वळायचं, कोणत्या पिठाच्या गिरणीसमोर. चार महिने ती मला त्याच गिरणीच्या आसपास फिरवत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. विद्यार्थ्यांच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी जाते म्हटलं.

भाऊबीज झाल्यावर सकाळी गेले. ओट्यावर शिलाई मशीन, मागे साड्यांचा ढीग, फॉल-पिको करून देणारी एक बाई. मी पोरीच्या शाळेतून आले म्हटल्यावर ती उठली, आणि साडी सुईखाली तशीच राहिली. मला आत नेलं. पाणी दिलं. मी काही विचारायच्या आतच सांगू लागली.

भांडण नणंदेशी झालं होतं, घरोघरी होतं तसलंच. ती रागाने भावाकडे आली. जूनमध्ये नवरा न्यायला यायचा होता, तिने बॅग भरून ठेवली होती. त्याआधी शाळेत पालकसभा झाली आणि तिथून घरातलं सगळं फिरलं. सभेत कुणी एक मॅडम बोलल्या म्हणे, फार चांगल्या बोलल्या. दहावीच्या वर्षात घरात वाद नको. जे काही असेल ते परीक्षेनंतर पाहा. लेकरासाठी एक वर्ष मन मारा.

ती मॅडम मी. दर जूनमध्ये ते वाक्य मी बोलायची. 'मन मारा' म्हणायच्या आधी जरा थांबायची, म्हणजे मागच्या रांगेतल्या बापांपर्यंतही पोचायचं. लोक माना डोलवायचे. भांडू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. पण आमच्याकडे दहावी म्हणजे दहावी असते. टीव्हीची तार काढतात, लग्नाच्या तारखा पुढे ढकलतात, घरात पाहुणा राहू देत नाहीत. या घराने आई पुढे ढकलली. नवरा, भाऊ, नणंद सगळे बसले आणि हिशेब लावला की ही परत आली तर भांडण होणार, आणि हिने फोन केला की पोरगी दोन तास रडते, पुस्तकाला हात लावत नाही. तेव्हा मार्चपर्यंत येणंही नको, फोनही नको, आणि पोरीला यातलं काही सांगणंही नको.

"तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं.

"म्या म्हणलं, एका वर्साचं तं आहे," ती म्हणाली. "येवढ्या शिकलेल्या मॅडम, लेकराच्या भल्याचंच सांगतलं असन न त्यायनं."

तिने मला ओळखलं नव्हतं. सभेला ती नव्हतीच. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी चहा प्याले. पोरीच्या मार्कांबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. केस कोण विंचरून देतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ती स्वतःच घालते वेण्या. ती दुसरीकडे पाहत बसली.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी पोरगी माझ्या आधी खोलीत येऊन बसली होती. मी सांगितलं, आई बरी आहे, थोडी वाळली आहे, निळी साडी नेसली होती, आणि आता चष्मा लागला आहे. चष्म्यावर ती अडली. काड्या कोणत्या रंगाच्या? जवळचं पाहायचा की दूरचं? मशीनवर बसताना लावते की नेहमीच? चष्मा लावलेली आई तिला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हती. मग तिने विचारलं, "मॅडम, ती काहून येत नाई?"

मला उत्तर माहीत होतं. त्या घराबाहेर ते माहीत असलेली मी एकटीच होते. आणि मी काय केलं? प्रशिक्षणात शिकवलेली युक्ती वापरली. प्रश्न अवघड असला की विचारणाऱ्यालाच परत द्यायचा. म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मले वाटते, तिले मी नको असन," ती म्हणाली, आणि डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. स्वतःला सांगत राहिले की पोरीची परीक्षा जवळ आली आहे, आता हे सांगून तिचं मन कशाला हलवायचं. म्हणजे मी माझंच वाक्य माझ्यावर चालवत होते. पण खरं कारण लाज. माझी पाटी, माझी डाळ, दुसऱ्या शाळांतून माझं काम पाहायला येणारे शिक्षक, या सगळ्याला धक्का लागेल याची भीती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. दर रविवारी मात्र मी जुन्या शहरात जायची. गिरणीच्या बाजूने, रस्त्याच्या पलीकडून, ती मशीनवर बसलेली पाहायची आणि सोमवारी पोरीला सांगायची. आज हिरवी साडी होती. आज हसून कुणाशी बोलत होती. पोरगी ते ऐकायची आणि एकेक गोष्ट पुन्हा सांगायला लावायची. एकमेकींसाठी जीव टाकणाऱ्या मायलेकी, मधे जेमतेम दोन तासांचा रस्ता, आणि तो अडवून मी उभी.

जानेवारीत सराव परीक्षेचा निकाल लागला. पोरगी नापास झाली असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं. तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले, खास मला भेटायला. गरीब स्वभावाचा माणूस, दारात चप्पल काढून आत आला. म्हणाला, मॅडम, तुमचं ऐकलं म्हणून झालं हे. लय कठीण गेलं, पण तुमचं ऐकलं.

मला बसवेना. मी त्याला खुर्ची दिली आणि उभ्यानेच सांगितलं की माझं चुकलं. मी भांडणं बंद ठेवा म्हटलं होतं, आईला बंद ठेवा म्हटलं नव्हतं. आणि तुमच्या मुलीला वाटतं की ती आईला नकोशी झाली.

त्याने खिशातून रुमाल काढला. मग म्हणाला, "घरी तं नावच नाई काढत तिचं. मले वाटलं, विसरली." आणि रुमालाने तोंड पुसत राहिला.

शनिवारी सकाळी मी आईला माझ्या रोजच्याच गाडीने घेऊन आले. डब्यातल्या बायका रोजच्यासारख्या गप्पा मारत होत्या, ही खिडकीशी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मूर्तिजापूरच्या पुढे मी तिला सांगून टाकलं की त्या सभेतली मॅडम मीच. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बडनेरा येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना फक्त म्हणाली, तुमाले काय माहीत होतं. हे तिचं मोठेपण, आणि माझ्यासाठी ते शिवीपेक्षा जड.

तिला खोलीत बसवलं आणि पोरीला वर्गातून बोलावलं. व्हरांड्यात थांबवून म्हटलं, आत आई आली आहे. पण आत जाण्याआधी एक ऐक. ती तिच्या मनाने थांबली नव्हती. जूनमध्ये मी सभेत असं असं बोलले, घरच्यांनी ते धरलं, म्हणून तिला येऊ दिलं नाही.

दाराकडे पाहतच तिने विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "दिवाळीत," मी म्हटलं.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. एवढे महिने आम्ही समोरासमोर बसलो, पण तिचे डोळे मी नीट त्या दिवशीच पाहिले. त्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी तुमाले विचारलं होतं, मॅडम." आणि दार लोटून आत गेली.

मी बाहेर उभी राहिले. मग आईचा आवाज आला, वेणी कोणी घातली गं अशी, आणि मग पोरगी रडू लागली. दहावीतली मुलगी, पण बालवाडीतल्या लेकरासारखी मोठ्याने, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी. खिचडीवाल्या मावशी बाहेर आल्या, मी त्यांना हातानेच आत जायला सांगितलं.

त्यानंतर आई दर शनिवारी यायची, थेट त्यांच्या घरी. पोरगी माझ्याकडे आली नाही. वर्गात सगळ्यांबरोबर उभी राहायची, वही तपासायला द्यायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. तिला आता अकोल्याच्या बातम्या माझ्याकडून नको होत्या. मी मात्र संध्याकाळी बाजारातून जायची सवय मोडू शकले नाही. पुढच्या जूनमध्ये पालकसभेत बोलायला उभी राहिले तर ते वाक्य तोंडातून निघेना. मुलांचे डबे वेळेवर द्या, असं काहीतरी बोलून बसले.

निकालानंतर वडील पेढे घेऊन आले. पोरगी चांगली पास झाली होती आणि अकरावीला तिने अकोला घेतलं होतं, आईजवळ. बायको परत आली नाही, पण येईल असं ते म्हणाले. मी विचारलं, पोरगी नाही आली? तिला काम होतं, ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनीही ते खरं मानलं.

मी निवृत्त झाले. आता दिवसभर अकोल्यात असते. त्या गोष्टीला चार वर्षं झाली, ती आता कॉलेजात असेल. पुलाच्या पलीकडे, गिरणीसमोर, त्याच ओट्याच्या घरात. बाजारात दोन वेण्यांची मुलगी पाठमोरी दिसली की मी भरभर चालू लागते, आणि जवळ गेल्यावर ती दुसरीच असते. आपल्या गावात आपल्याच एका पोरीची एवढी आठवण यावी आणि तिच्या घरापर्यंत पाय जाऊ नयेत, हे कुणाला सांगितलं तर हसतील. ऑटोने दहा मिनिटं लागतात. रोज वाटतं, उठावं, जावं, तिच्यासमोर बसावं आणि विचारावं, अजून राग आहे का गं माझ्यावर. पण तिने विचारलं होतं तेव्हा मी तिला उत्तर दिलं नाही. आता मी कोणत्या तोंडाने विचारू?